भाऊ व्हीलचेअरमधून सारखा खाली घसरतो, कोणती खुर्ची घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा: भाऊ ३४ वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. समजतं सगळं, बोलणं तुटक. दुकानातून आणलेल्या फोल्डिंग व्हीलचेअरमध्ये दिवसाचे आठ-नऊ तास बसतो. अर्ध्या तासात खाली घसरतो, डावीकडे कलतो, म्हणून आई छातीवरून ओढणी बांधते. पाय लांब राहिले तर बरं वाटेल म्हणून वर उचलता येणारे फूटरेस्ट बसवून घेतलेत. गेल्या काही महिन्यांत घसरणं वाढलंय, माकडहाडाशी लालसर चट्टा दिसतो, जेवताना ठसका लागतो. पुण्यात कात्रजला दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट आहे. बजेट साठ हजार. दुकानदार रिक्लायनिंग खुर्ची सुचवतो, मामा म्हणतात इलेक्ट्रिक घ्या. काय घ्यावं?

ताई, खुर्चीचं नंतर बघू. आधी ती ओढणी सोडा, आजच. भाऊ खाली सरकतो, पण ओढणी जागच्या जागी राहते. म्हणजे छातीवर बांधलेली गाठ हळूहळू गळ्याकडे चढते. आई स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना हे झालं तर त्याला हाकही मारता यायची नाही. तात्पुरतं बांधायचंच असेल तर पट्टा कंबरेच्याही खाली, जिथे मांडी पोटाला मिळते त्या घडीत बांधा, आणि तो मागे-खाली, साधारण ४५ ते ६० अंशांत ओढला जाईल असा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी ढिलाई ठेवा. पोटावर बांधलेला पट्टा काही कामाचा नाही, उलट त्याखालून माणूस सुळकन निसटतो.

आता तो चट्टा. नीट बसलेल्या माणसाचं वजन ढुंगणातल्या दोन बैठकीच्या हाडांवर येतं, माकडहाडाच्या भागावर येत नाही. तुमच्या भावाला तिथे लाली आहे, म्हणजे तो प्रत्यक्षात माकडहाडावर बसतोय, पाठीची कमान करून. खुर्ची न बघताही एवढं सांगता येतं. त्या जागी बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिकी पडून परत लाली आली, आणि खुर्चीतून उठवल्यावर अर्ध्या तासात ओसरली, तर वेळ गेलेली नाही. दाबूनही रंग हलत नसेल, किंवा तिथली कातडी बाजूपेक्षा गरम, कडक, काळपट लागत असेल तर बेडसोरची सुरुवात समजा. आपल्या सावळ्या रंगात लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं. तसं असेल तर बसण्याचे तास लगेच कमी करा, कुशीवर झोपवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. सर्जिकलच्या दुकानात मधे भोक असलेली गोल गादी मिळते, ती आणू नका. भोकाच्या कडेने दाब पडतो आणि मधल्या कातडीचा रक्तपुरवठा आणखी तुटतो. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत ती असतेच, शेजारच्या कुणीतरी प्रेमाने दिलेली.

आणखी एक गोष्ट खुर्चीच्या आधी. घसरणं गेल्या काही महिन्यांत वाढलं असं तुम्ही लिहिलंय. खुर्ची तर तीच आहे, मग त्याच्यात काय बदललं? सेरेब्रल पाल्सीत शरीराचा ताठरपणा आतल्या कुठल्याही दुखण्याने वाढतो. बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन, किडलेली दाढ, सांध्यातून सरकत गेलेला खुबा, यातलं काहीही असू शकतं. बोलून सांगता येत नाही तेव्हा शरीर असंच सांगतं. खुब्यांचा एक एक्स-रे काढून घ्या. हातांची ताकद आधीपेक्षा कमी वाटत असेल तर न्यूरोलॉजिस्टना मान तपासायला सांगा. ताठरपणासाठी बॅक्लोफेनसारखी गोळी चालू असेल तर ती मनाने कमी-जास्त किंवा बंद करू नका. ठसक्यासाठी गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट गाठा, विशेषतः मधूनमधून ताप-खोकला होत असेल तर. तोवर जेवताना डोकं मागे टेकलेलं नको, हनुवटी किंचित छातीकडे असू द्या.

हे सगळं मार्गी लागलं की मग खुर्ची.

मी वीस वर्षं ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणून माणसांना खुर्चीत नीट बसवण्याचंच काम करते. या वर्षांत कळलेली एक गोष्ट सांगते. घसरणाऱ्या माणसाला वरून धरून ठेवता येत नाही. तो का घसरतो हे त्याला आडवा झोपवून शोधावं लागतं, आणि ते कळेपर्यंत खुर्चीवर पैसे घालायचे नसतात. म्हणून पहिल्या भेटीत मी खुर्चीकडे बघतही नाही. लोकांना वाटतं बाईंना रस नाही.

घरी सतरंजीवर एवढं करून बघता येईल, दोघांनी मिळून, घाई न करता, आणि त्याला दुखलं की थांबायचं. त्याला पाठीवर झोपवा. एकाने त्याच्या कंबरेखाली हात सरकवून ठेवायचा. दुसऱ्याने एक गुडघा वाकवलेला ठेवून मांडी हळूहळू पोटाकडे आणायची. एका ठिकाणी कंबरेखालच्या हाताला जाणवेल की आता मांडीबरोबर कंबरही गुंडाळली जायला लागली. खुब्याची हालचाल तिथे संपली. मांडी काटकोनात येण्याआधीच कंबर गुंडाळली जात असेल तर साधी खुर्ची त्याला कधीच जमणार नाही, कारण तिची पाठ आणि सीट जवळजवळ काटकोनात असते. अशा माणसाला पाठीचा कोन उघडूनच द्यावा लागतो.

आता मांडी तिथेच धरून गुडघा हळूहळू सरळ करा. हीच तपासणी मला तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची वाटते. मांडीच्या मागचे स्नायू, ज्यांना आम्ही हॅमस्ट्रिंग म्हणतो, वर बैठकीच्या हाडाला आणि खाली गुडघ्याच्या पलीकडे चिकटलेले असतात. सेरेब्रल पाल्सीत ते बहुधा आखडलेले असतात. गुडघा सरळ केला की दोरी ताणल्यासारखे ते बैठकीच्या हाडाला पुढे खेचतात आणि कंबर मागे गुंडाळली जाते. म्हणजे तुम्ही हौसेने बसवलेले ते उचलायचे फूटरेस्ट भावाला दिवसभर पायांकडून खाली ओढतायत. वरून ओढणी, खालून हे. साध्या फूटरेस्टचा दांडाही थोडा पुढे झुकलेलाच असतो, त्यामुळे ज्याचा गुडघा काटकोनापलीकडे उघडतच नाही त्याला तोही जास्त होतो.

मागे एका चाळिशीच्या गृहस्थांना घेऊन त्यांची बायको आली होती, तक्रार हुबेहूब तुमचीच. आम्ही काय केलं? फूटरेस्ट काढले, पाय गुडघ्याखाली थोडे मागेच राहतील अशी लाकडी पाटी केली, पुढच्या छोट्या चाकांना अडणार नाही एवढं बघून. कंबर मागे रेटून पट्टा मांडीच्या घडीत लावला. पाऊण तास ते बसले, बायको घड्याळाकडे बघत होती. दोन बोटं सरकले असतील. तिला आनंद झाला नाही, रागच आला. आधीच्या फूटरेस्टचे तिने जास्तीचे पैसे मोजले होते.

कलण्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे. त्याला बसवून समोरून कंबरेची दोन टोकदार हाडं दोन अंगठ्यांनी शोधा. डावं खाली गेलंय का? गेलं असेल तर हाताने सरळ करता येतं का? येत असेल तर खालच्या बाजूला उंची द्यायची म्हणजे कंबर समतल होते. सरळ होतच नसेल, म्हणजे हाड-सांध्यातच बाक पक्का झाला असेल, तर बरोबर उलटं करावं लागतं. उचललेल्या बाजूखाली भर घालून वजन दोन्हीकडे सारखं वाटायचं आणि बाक तसाच मान्य करायचा. घरोघरी मात्र कलतो त्या बाजूला उशी कोंबतात. पक्क्या बाकात अशा उशीने एकाच हाडावर सगळा भार येतो. ही भर तुम्ही घरी करू नका, फक्त काय दिसलं ते लिहून आणा.

पक्क्या बाकाला सरळ करण्याची खोड मलाही होती. नवी असताना एका मुलीला मी बरगडीशी इतका घट्ट पॅड लावला की ती फोटोत अगदी सरळ दिसत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या आईने बरगडीवरचा फोड दाखवला. तो फोटो मी बरेच दिवस कौतुकाने लोकांना दाखवत होते, हे आता लिहितानाही जड जातं. बाक लवचीक असेल तरच तीन ठिकाणी आधार देऊन सावरायचं. डावीकडे कलणाऱ्याला वर डाव्या बरगडीशी, मधे उजवीकडे बाकाच्या टोकाशी आणि खाली डाव्या कंबरेशी. एकाच बाजूचा एक पॅड म्हणजे माणूस त्यावर लोंबकळतो, बस.

आणि हो, टीव्ही कोणत्या बाजूला आहे? आई कोणत्या बाजूला बसून भरवते? हसू नका, दोन्ही डावीकडे असतील तर आधी खुर्ची फिरवून बघा.

आता मापं. दुकानातली प्रमाण खुर्ची १८ इंची, म्हणजे सीट ४५ सेंटिमीटर रुंद. तुमचा भाऊ बारीक असेल तर त्याचे नितंब ३२-३४ सेंटिमीटर भरतील. दोन्ही बाजूंना पाच-सहा सेंटिमीटर मोकळे, मग तो कलेल नाही तर काय करेल? दुकानदार सांगतो, जरा ऐसपैस बरी. बसायला सोफा घेताना ते ठीक आहे. रुंदी नितंबापेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त असली की पुरे. खोली मोजताना पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत माप घ्यायचं आणि दोन-तीन बोटं कमी करायची. सीट खोल झाली की पाय कडेला अडतात आणि माणूस आपोआप पुढे येतो. त्यात फोल्डिंग खुर्चीचं रेक्झिन काही महिन्यांत झोळीसारखं लोंबतं, मांड्या एकमेकींवर येतात, कंबर तिरकी होते.

या झोळीवर इलाज स्वस्त आहे. टिंबर मार्केटमधून बारा मिलिमीटरचा प्लाय मापाने कापून घ्यायचा, झोळीवर बसेल असा. त्यावर कडक फोमचा थर, त्यावर मऊ थर, आणि मांडीखालचा पुढचा भाग बैठकीच्या हाडांखालच्या भागापेक्षा तीन-चार सेंटिमीटर उंच. त्या उंचवट्याला बैठकीची हाडं मागून अडतात आणि पुढे येत नाहीत. उंचवटा नेमका कुठे सुरू करायचा हे मोजून ठरवावं लागतं, हाडाच्या खालीच आला तर जखम होईल. कव्हर मी नाना पेठेत रिक्षाची सीटं शिवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेते. त्याला कोपऱ्यातली शिवण कशी दाबायची हे आमच्यापेक्षा चांगलं कळतं. कव्हरं दोन शिवून घ्या. जुलैत धुतलेलं कव्हर तीन दिवस वाळत नाही आणि ओल्या कव्हरवर बसवलं की कातडी सोलवटते. आणि बैठकीच्या हाडाखाली, कुशनच्या तळाशी हात घालून अधूनमधून चाचपायचं. फोम तिथे पार चेपून हाड प्लायला टेकत असेल तर कुशन मेलं, मग ते किती महागाचं होतं याला अर्थ नाही. हवेचं कुशन असेल तर हाड आणि तळ यांत साधारण दोन सेंटिमीटर हवा राहिली पाहिजे. आणि रोज बघायला घरात कोणी नसेल तर हवेच्या भानगडीत पडूच नका.

दुकानदाराची रिक्लायनिंग खुर्ची तुमच्या भावाला नको. तिची फक्त पाठ मागे पडते. पाठ मागे गेली की खुब्याचा कोन उघडतो, ताठरपणा असलेल्याचं अंग सरळ ताणतं, आणि पाठ परत वर आणताना पाठीची कातडी वर खेचली जाते, ढुंगण पुढे सरकतं. दिवसातून चार वेळा केलं की चार वेळा घसरगुंडी. त्याला लागेल ती बहुधा टिल्ट-इन-स्पेस. तिची सीट आणि पाठ आपला कोन न बदलता एकत्र मागे कलतात, डोहाळजेवणाचा झोपाळा मागे जातो तशा. थोड्या टिल्टने डोकं-धड सावरतं. बैठकीच्या हाडांवरचा भार खरोखर हलका करायचा तर तीस अंश किंवा जास्त टिल्ट द्यावा लागतो, तोही दर अर्ध्या-एक तासाने काही मिनिटं. जेवताना मात्र उभी करायची. दिवसभर मागे कलवून ठेवलेल्या माणसाला पंखा आणि छताचे पोपडे सोडून काही दिसत नाही, हे बसवणाऱ्यांनी स्वतः अर्धा तास बसून बघावं.

टिल्ट खुर्ची लांब असते, जड असते, आणि बहुतेक घडी होत नाही. रिक्षात जाणार नाही. म्हणून आधी लिफ्टचं दार आणि आतली खोली मोजा, सोसायटीच्या पार्किंगमधल्या स्कूटरींमधून वळते का बघा, बाथरूमचा उंबरठा मोजा. उंबरठ्याला उतार करायचा तर १:१२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांबीचा. बिल्डर जो दीड हाताचा उतार टाकून देतात तो फक्त कागदावर चढता येतो. जुनी खुर्ची टाकू नका. प्लाय-कुशन घालून सुधारली की ती दवाखान्याच्या फेऱ्यांना ठेवा. मेट्रोत चाकाची खुर्ची सरळ आत जाते, लिफ्टही आहेत, पण कात्रजहून स्वारगेट गाठण्याचा प्रश्न तुमचा तुम्हालाच सोडवायचा आहे.

मामांच्या इलेक्ट्रिकबद्दल. घसरण्यावर तो उपाय नाही, घसरणारा माणूस मोटर लावली की जास्त वेगाने घसरेल. पण विषय बंदही करू नका. ज्याला सगळं समजतं आणि ज्याचा एक हात, हनुवटी किंवा डोकं दर वेळी एकाच तऱ्हेने हलवता येतं, तो इलेक्ट्रिक खुर्ची शिकू शकतो. नीट बसवल्यावर हात कसा चालतो हे बघून ठरवायचं, जॉयस्टिक उजव्या हातालाच लावायची असा नियम नाही. तुमच्या प्रश्नात तो काय म्हणतो हे मात्र कुठेच आलं नाही. त्याला विचारा, हो-नाही मधे चालेल. त्याला गॅलरीत जायचंय की जेवणाच्या टेबलाशी, यावरून खुर्चीची उंची आणि आर्मरेस्ट बदलतात.

पैशांचं. साठ हजारांतले सगळे खुर्चीवर उडवू नका. तपासणी, कुशन, पाठीचा आधार आणि नंतरच्या दोन-तीन फिटिंग यांचे पैसे आधी बाजूला काढा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली व्हीलचेअर सेवेच्या आठ पायऱ्या सांगितल्या: नोंदणी, तपासणी, खुर्ची ठरवणं, पैशांची सोय आणि मागणी, खुर्ची तयार करणं, फिटिंग, शिकवणं, आणि नंतरची देखभाल. आपल्याकडे बिल झालं की सगळ्या पायऱ्या झाल्या असं धरतात. खुर्ची घेताना लेखी विचारा की पॅड आणि हेडरेस्ट महिन्याने हलवून देणार का. नाही म्हणाला तर दुसरा बघा.

भावाचं दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड नसेल तर आधी ते. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना अलिम्को या सरकारी कंपनीची साधनं मिळतात, शिबिरात मापं घेऊन नंतर वाटप होतं. तिथली खुर्ची मिळाली तरी आतली बैठक तुम्हाला करून घ्यावीच लागेल. महापालिकेच्या समाज विकास विभागात दिव्यांगांसाठी असलेल्या योजनांची चौकशी करा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सी बसते, एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. खुर्चीपेक्षा पुढच्या वर्षांसाठी ते जास्त उपयोगी.

आणि रात्र. दिवसभर कितीही छान बसवलं तरी रात्री आठ तास दोन्ही गुडघे एकाच बाजूला पडलेले राहिले तर खुबे तिकडेच वळतात. जुनी गोधडी गुंडाळून गुडघ्यांखाली आणि बाहेरच्या बाजूला लावा, गुडघे छताकडे बघतील असे. सुरुवातीला अर्धा तास, सहन झालं तर वाढवा. फिट्स येत असतील किंवा झोपेत उलटी होत असेल तर पाठीवर झोपवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कोणत्याही ओटी किंवा फिजिओकडे न्याल तेव्हा जुनी खुर्ची तशीच न्या, धुऊनपुसून नको. चेपलेला फोम आणि घासलेला आर्मरेस्ट बरंच काही सांगतो. ढिली हाफ पँट, त्याची रोजची ताटली-चमचा, लिफ्टच्या दाराचं माप, आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी समोरून व बाजूने काढलेले फोटो. आणि डॉक्टरांकडे जायचंय म्हणून दारात त्याला वर ओढून नीट बसवू नका. प्रवासात जेवढा घसरला असेल तेवढाच घसरलेला आत आणा.